छायांकन आणि जॅझ : न ठरवलेल्या शॉटसाठी काय काय ठरवावं लागतं

तिरपा उजेड (धागालेखक)

छायांकनाबद्दल बोलताना 'अगदी जॅझसारखं' असं फार सहज म्हटलं जातं. त्यामागची समजूत बहुतेक वेळा अशी की कॅमेरा खांद्यावर घेतला, नटांना जमिनीवरच्या खुणांमधून सोडवलं आणि रिहर्सल टाळली की झालं. जॅझ वाजवणाऱ्यांना हे पटणार नाही. तिथे सोलो घेणारा मोकळा असतो, कारण बाकी जवळजवळ सगळं पक्कं असतं. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'सो व्हॉट'चा सांगाडा बघा (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट, डोरियन ही एक स्वरमालिका): १६ बार डी डोरियन, मग ८ बार अर्धा स्वर वर ई फ्लॅट डोरियन, मग परत ८ बार डी डोरियन. कागदावर एवढंच. पण हे ३२ बार सहाही वादकांच्या अंगात भिनलेले आहेत. ब्रिज (मधले ८ बार) आला की कुणी कुणाला खूण करत नाही, सगळे एकदम वर चढतात.

या धाग्यात चर्चा हवी आहे ती याच सांगाड्याची. नट कुठे जाईल, कधी उठेल हे माहीत नाही, अशा शॉटसाठी कॅमेरा विभागाने आधी काय पक्कं करून ठेवायचं?

सगळ्यात आधी दिव्याचं अंतर. दिव्यापासून १ मीटरवर असलेला नट २ मीटरवर गेला की उजेड चौथाई होतो, म्हणजे २ स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तोच दिवा ४ मीटरवर असेल आणि नट ५ मीटरवर सरकला तर जेमतेम २/३ स्टॉप कमी होतो, आणि तेवढा फरक चेहऱ्यावर उलट बरा दिसतो. म्हणून मोकळेपणा हवा असेल तर मुख्य दिवा खिडकीबाहेर, जागा असेल तितका मागे. याची किंमत मोजावी लागते: अंतर दुप्पट केलं की तेवढ्याच उजेडासाठी चौपट ताकदीचा दिवा लागतो. आणि इथे एक चूक हमखास होते. खिडकीच्या चौकटीवरच ट्रेसिंग पेपर ताणला की उजेडाचा उगम दिवा राहत नाही, तो कागद होतो. मग दिवा कितीही मागे न्या, अंतर कागदापासूनच मोजायचं.

खोलीच्या आत जमिनीवर एकही स्टँड नको, नाहीतर नटाच्या अर्ध्या वाटा बंद होतात. भरायचा उजेड छतावरून उसळवून घ्यावा. सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी १९५६ च्या 'अपराजितो'साठी स्टुडिओतल्या अंगणाच्या सेटवर वरून पांढरं कापड ताणून त्यावर दिवे मारले होते. सावल्या न पडणारा, सगळीकडे सारखा उजेड मिळाला आणि माणसं कुठेही फिरू शकली. (ते स्वतः सतारही वाजवत, हे या धाग्यात नमूद करायला हवं.)

मग एक माणूस कॅमेऱ्याच्या कडेने चालेल असा ठेवायचा, एका हातात थर्माकोलचा तुकडा, दुसऱ्या हातात काळं कापड. नट खिडकीकडे पाठ करून वळला की थर्माकोल आत, चेहरा फार सपाट झाला की काळं कापड. माझ्या मते जॅझमधल्या पियानोवाल्याचं कॉम्पिंग, म्हणजे सोलोमागे कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) वाजवत केलेली साथ, ते हेच. आणि त्यातही तोच संयम लागतो. चांगला पियानोवाला चार ठोक्यांवर चार कॉर्ड वाजवत नाही, सोलोला जागा सोडतो. नटाच्या प्रत्येक वळणाला थर्माकोल धावायला लागला की चेहऱ्यावर उजेड श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो आणि प्रेक्षकाला दिवा दिसायला लागतो.

शेवटचं, तीन फ्रेम्स ठरवून ठेवायच्या: सुरुवातीची, शेवटची आणि मधली एक, जी मिळाल्याशिवाय प्रसंग कळणार नाही. त्यांच्या मधलं सगळं ऑपरेटरचं. फोकस, संकलन, प्रत्यक्ष जॅझ चित्रित करणं, ज्यांना जे ठाऊक आहे त्यांनी लिहावं.

---

टी चार

उत्तम धागा. फोकस पुलरच्या, म्हणजे शॉट चालू असताना फोकस सांभाळणाऱ्याच्या बाजूने आकडे देतो. 'मोकळा शॉट' याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की नट किती सेंटिमीटर हलला तरी चालेल. सुपर ३५ सेन्सर, नट २ मीटरवर, धूसरपणाची मर्यादा ०.०२५ मिमी धरून (मिमी म्हणजे लेन्सची फोकल लांबी, 'टी' म्हणजे तिचं उघडं तोंड; आकडा लहान तितकं तोंड मोठं):

५० मिमी, टी २ : सुमारे १६ सेमी
५० मिमी, टी ४ : सुमारे ३२ सेमी
३५ मिमी, टी ४ : सुमारे ६५ सेमी
२८ मिमी, टी ५.६ : दीड मीटरहून थोडं जास्त

१६ सेंटिमीटर म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस बोलता बोलता पुढे झुकला की संपलं. माझा आग्रह ३५ मिमी आणि टी ४ चा. टी २ वरून टी ४ वर यायला उजेड चौपट लागतो, नाहीतर आयएसओ ८०० चा ३२०० करावा लागतो. बरेच जण हा खर्च टाळून लेन्स पूर्ण उघडी ठेवतात आणि मग नटाला 'इथून हलू नका' सांगतात. मोकळेपणा तिथेच गेला.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. मॉनिटर बघून फोकस ओढणारा नेहमीच मागे असतो. वायरलेस चित्राला थोडा उशीर असतो तो वेगळा, शिवाय चेहरा मऊ पडलेला दिसल्यावरच त्याचा हात हलतो. माणूस उठण्याआधी हात खुर्चीच्या दांड्यावर जातात, वजन पुढच्या पायावर येतं. बोलण्याआधी श्वास आत जातो. सॅक्सोफोनवाला सोलो उचलण्याआधी खांदे वर घेतो आणि ड्रमरला तेवढं पुरतं. फोकस पुलरलाही तेवढंच पुरलं पाहिजे. नजर नटाच्या अंगावर, मॉनिटर फक्त खात्रीसाठी. त्यासाठी तो कॅमेऱ्याच्या जवळ, नट दिसेल असा उभा हवा. दुसऱ्या खोलीत पडद्यासमोर बसवलेल्या माणसाकडून हे होणार नाही.

आणि सुटलाच फोकस, तर पुढे-मागे हेलकावत शोधायचं नाही. एकाच दिशेने, सुमारे एक सेकंद घेऊन, शांतपणे परत यायचं. झटका प्रेक्षकाच्या डोळ्याला लगेच कळतो, संथ फोकस हेतूने केल्यासारखा वाटतो.

---

वॉकिंग बेस

कॉम्पिंगची तुलना पटली. त्यात एक भर. पियानोवाला कॉर्डचे सगळे स्वर वाजवतच नाही. मूळ स्वर बेसवर सोपवलेला असतो, त्यामुळे डाव्या हातात फक्त तिसरा आणि सातवा स्वर. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही नेहमीची मालिका घ्या. पहिल्या कॉर्डसाठी एफ आणि सी. दुसरीसाठी एफ तसाच ठेवून सी अर्धा स्वर खाली, बी वर. तिसरीसाठी बी तसाच, एफ खाली येऊन ई. दर वेळी एकच बोट, अर्धाच स्वर. पण कानाला संपूर्ण दिशा बदललेली कळते.

चालत्या कॅमेऱ्याने एका फ्रेमवरून दुसऱ्या फ्रेमवर असंच जावं. अंतर, उंची, कोन, फ्रेममधली जागा (नट डावीकडे की उजवीकडे) यातली एक गोष्ट बदलायची, बाकीच्या धरून ठेवायच्या. दोन माणसांच्या मागून एकाच्या चेहऱ्यावर यायचं असेल तर उंची आणि अंतर तेच ठेवून फक्त कोन फिरवा. मग थांबा. मग पुढे जा. सगळं एकदम बदललं की चाल वाहवत गेल्यासारखी दिसते, आणि प्रेक्षक माणसाऐवजी कॅमेऱ्याच्या मागे जातो. हाताने चालवलेल्या कॅमेऱ्यात हे जास्तच होतं, कारण तिथे सगळंच एकदम बदलणं फार सोपं असतं.

उजेडालाही तिसरा आणि सातवा स्वर असतो. मुख्य उजेडाची दिशा आणि उजळ-अंधाऱ्या बाजूंमधला फरक, या दोन गोष्टी धरल्या की प्रसंगाचा भाव ठरतो. उजवीकडून येणारा, ४ ला १ असा, म्हणजे २ स्टॉपचा फरक असलेला उजेड पूर्ण प्रसंगभर तसाच राहिला तर मागचा दिवा, भिंतीवरचा डाग, केसांवरची कड एखाद्या शॉटमध्ये नसली तरी कुणाला खटकत नाही. दिशा बदलली की मात्र लगेच खटकतं.

---

कात्री

थोडा विरोध नोंदवतो. नातं आहे, पण ते सरसकट नाही, आणि कुठे तुटतं हे सांगितल्याशिवाय नवीन ऑपरेटरचं नुकसान होतं.

माइल्सचा पियानोवादक हर्बी हॅन्कॉकने सांगितलेला प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे: माइल्सच्या सोलोखाली त्याच्याकडून चुकीची कॉर्ड वाजली आणि माइल्सने पुढे असे स्वर घेतले की ती चूक वाटेना. कॅमेऱ्यात काही चुका अशा सावरता येतात, काही कधीच येत नाहीत. फ्रेमची चूक सावरते. पॅन जास्त गेला आणि नट कडेला चिकटला, तर घाईने परत येऊ नका. तिथेच धरा, मोकळी राहिलेली जागा दोन सेकंद दिसू द्या, मग नटाच्या पुढच्या हालचालीबरोबर सरका. संकलनाच्या टेबलावर तो क्षण अनेकदा सगळ्यात जिवंत निघतो. मऊ फोकस सावरत नाही. खिडकीबाहेरचं आकाश सेन्सरच्या मर्यादेपलीकडे जळालं तर तेही नाही, तिथे माहितीच उरलेली नसते. सावल्या मात्र एखादा स्टॉप वर उचलता येतात.

म्हणजे उत्स्फूर्त काय ठेवायचं हे यावरून ठरतं. रचना, कॅमेऱ्याची उंची, पॅनची वेळ, थांबण्याचा काळ या गोष्टी ऑपरेटरच्या. आयरिस (लेन्सचं उघडझाप होणारं तोंड) एका स्टॉपच्या आत, दोन-तीन सेकंद घेऊन, आणि शक्यतो पॅन चालू असताना. शटर, फ्रेमरेट, व्हाइट बॅलन्स यांना हात लावायचा नाही. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स तर बंदच. चालत्या शॉटच्या मध्ये चेहऱ्याचा रंग सरकला तर प्रत्येक कटला वेगवेगळा दुरुस्त करत बसावं लागतं.

संकलकाची एक विनंती: प्रत्येक थांब्यावर किमान चार सेकंद स्थिर राहा. सतत वाहणाऱ्या कॅमेऱ्याला कापायला जागाच नसते. कॅमेरा चालता चालता १८० अंशांची रेषा (दोन माणसांना जोडणारी कल्पित रेषा) ओलांडत असेल तर खुशाल ओलांडा, प्रेक्षक तुमच्याबरोबर गेलेला असतो. कटने ओलांडली तर माणसं उलटी बघायला लागतात.

लयीबद्दलही. सेकंदाला २४ फ्रेम्स असताना १२० ची लय (मिनिटाला १२० ठोके) म्हणजे एका ठोक्याला बरोबर १२ फ्रेम्स. स्विंगमध्ये (जॅझची झुलती लय) ठोक्याचे दोन असमान भाग होतात, ते २ ला १ धरले तर ८ आणि ४. प्रत्येक कट बाराव्या फ्रेमवर बसवून पाहा: तिसऱ्या-चौथ्या कटनंतर चित्र यंत्रासारखं वाजायला लागतं. त्याऐवजी बरेचसे कट त्या ८ फ्रेम्सच्या जागी, म्हणजे ऑफबीटला टाका आणि ठोक्यावरचा कट महत्त्वाच्या क्षणासाठी राखून ठेवा. लय जलद झाली की वादकांचे दोन भाग सारखे होत जातात, २ ला १ राहत नाहीत, हे लक्षात ठेवून तिथे कानाने कापा.

---

तिरपा उजेड

@कात्री, मान्य. 'सावरणारी चूक' आणि 'न सावरणारी चूक' ही विभागणी मी मूळ लेखातच करायला हवी होती असं वाटण्याइतकी उपयोगी आहे. तरी आयरिसबद्दल थोडा वेगळा विचार: पॅन नसतानाही ओढता येतो, मात्र त्या वेळी नटाच्या चेहऱ्यावर खराच उजेड बदलत असला पाहिजे. दार उघडलं, तो दाराकडे गेला, तर चालेल. स्थिर चेहऱ्यावर नको.

---

आवर्तन

ज्यांना जॅझचा कोरस (रचनेच्या सांगाड्याची एक फेरी) समजायला अवघड जातो त्यांच्यासाठी: आपल्याकडचं आवर्तन डोळ्यांपुढे आणा. ३२ बार संपले की परत पहिल्या बारवर, आणि सोलो घेणारा कितीही लांब गेला तरी समेवर यायचं भान सगळ्यांना. फरक असा की आपल्याकडे षड्ज हलत नाही, आणि जॅझमध्ये पायाखालची कॉर्ड प्रत्येक बारमध्ये बदलू शकते. 'सो व्हॉट'सारख्या मोडल रचना (एकाच स्वरमालिकेवर बराच वेळ थांबणाऱ्या) त्या मानाने आपल्या जवळच्या.

मला हाच भेद उजेडात दिसतो. एका उजेडात बसवलेला प्रसंग मोडल असतो: एक खिडकी, एक दिशा, नट कितीही वेळ कुठेही थांबो. दुसरा प्रकार पट्ट्यांचा: खिडकीजवळ दिवसाचा उजेड, मग अंधारा बोळ, मग टेबलाजवळ पिवळा दिवा. इथे नटाच्या पायाखालची 'कॉर्ड' बदलत राहते आणि त्याने कुठल्या वाक्याला कुठे असायचं हे बरंच ठरवावं लागतं. असे पट्टे करताना सगळ्यात उजळ आणि टेबलाजवळच्या पट्ट्यात २ स्टॉपहून जास्त फरक नको. कॅमेरा ४३०० केल्विनवर ठेवला तर ५६०० ची खिडकी थोडी निळी, ३२०० चा दिवा थोडा पिवळा दिसतो आणि दोन्हीकडचे चेहरे चालून जातात. बोळ मुद्दाम अंधारा ठेवावा, पण मागच्या भिंतीवर उजेड पाहिजे, म्हणजे माणूस आकृती म्हणून दिसत राहतो.

ज्या नटांना उत्स्फूर्तपणे खेळायचं आहे त्यांच्यासाठी मोडल पद्धतच घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

---

नवी पाती

खूप शिकायला मिळतंय. एक प्रत्यक्षातला प्रश्न. चार जणांचा जॅझ संच (सॅक्सोफोन, पियानो, डबल बेस, ड्रम्स) एका लहान जागेत, प्रेक्षकांसमोर वाजवणार आहे. दोन कॅमेरे, दोन ऑपरेटर, एकच संध्याकाळ. सोलो कोणाकडे जाईल हे आधी कसं ओळखायचं? आणि स्टेजवरचे एलईडी दिवे आमच्या हातात नाहीत.

---

वॉकिंग बेस

@नवी पाती, संचाकडून आधी तीन गोष्टी लिहून घ्या: प्रत्येक रचना १२ बारची की ३२ ची, लय किती, सोलोंचा क्रम काय. तिसरी ते बदलू शकतात, पहिल्या दोन बदलत नाहीत, आणि त्यावरच काम चालतं.

१२ बारचा ब्लूज म्हणजे ४८ ठोके. १२० च्या लयीला एक कोरस २४ सेकंद, २०० ला १४.४ सेकंद. ३२ बारचा कोरस १२० ला ६४ सेकंद. सोलो जवळजवळ नेहमी कोरसच्या शेवटी हातातून हातात जातो, मध्येच नाही. म्हणजे ब्लूजमध्ये दहावा बार ओलांडला की दोन्ही ऑपरेटरनी कान टवकारायचे. सोलो संपणार असेल तर वादक सहसा स्वर खाली आणतो, ड्रमर शेवटच्या दोन बारमध्ये फिल (जागा भरणारा छोटा तुकडा) भरतो, आणि पुढचा माणूस वाद्य तोंडाशी नेतो किंवा पियानोवाला खुर्चीत सरसावतो. कोरस मोजता येत नसेल तर ऑपरेटरच्या कानात मोजून देणारा एक जण ठेवा. तो कॅमेरावाला नसला तरी चालेल, रचना ओळखणारा हवा.

वाटणी: एक कॅमेरा सोलोवाल्यावर, दुसरा नेहमी 'पुढच्यावर' किंवा साथीवर. सोलो संपला म्हणून पहिल्याने लगेच सोडू नये. वादक मागे सरतो, घाम पुसतो, पुढच्याकडे बघतो, ते दोन बार फार मोलाचे असतात. बेसवाल्याला विसरू नका. त्याच्याकडे पाहून बाकीचे लय धरतात आणि चित्रीकरणात तोच सगळ्यात कमी दिसतो.

शेवटी शेवटी सॅक्सोफोन आणि ड्रम्स चार-चार बार आलटून पालटून वाजवतील. २०० च्या लयीला चार बार म्हणजे ४.८ सेकंद. २४ फ्रेम्सना चित्र न थरथरता पॅन करायचं तर एखादी वस्तू फ्रेमच्या या कडेपासून त्या कडेला जायला ७ सेकंद लागावेत हा जुना ठोकताळा. म्हणजे संथ पॅन बसतच नाही. एकतर झटक्याचा पॅन, जो दोन-तीनदा केल्यावर कंटाळा आणतो. नाहीतर त्याहून चांगलं: ड्रम्सच्या मागून कॅमेरा लावा, समोर सिंबलची कड, पलीकडे सॅक्सोफोन, आणि फक्त फोकस इकडून तिकडे. चार बारांना एक फोकस. दुसरा कॅमेरा तेवढा वेळ लांबून चौघांवर स्थिर.

---

टी चार

दिव्यांचं मी सांगतो. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर २४ फ्रेम्सना शटर १७२.८ अंश, म्हणजे १/५० सेकंद. ६० हर्ट्झ असेल तर १४४ अंश, १/६० सेकंद. पण एलईडी मंद केले की बरेचसे दिवे वेगाने उघडझाप करून मंद होतात आणि त्यांचा वेग या दोन्हींशी जुळत नाही. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. म्हणून प्रकाशयोजना करणाऱ्याला विनंती करून प्रत्यक्ष कार्यक्रमात असतील तेवढेच मंद दिवे लावून आधी एक मिनिट चित्रित करा आणि मोठ्या पडद्यावर बघा. पट्टे दिसले तर शटर थोडं थोडं सरकवून पट्टे थांबतात का पाहा. नाही थांबले तर तो दिवा जास्त उजळ ठेवून त्यापुढे जाळी लावायला सांगा.

गडद निळा एलईडी हा दुसरा शत्रू. एकूण उजेडाचा आलेख ठीक दाखवतो पण निळी वाहिनी जळून गेलेली असते, आणि चेहरा निळ्या प्लॅस्टिकसारखा होतो. तीन रंगांचे आलेख वेगळे बघा. समोरून अगदी थोडा, एक-दोन स्टॉप खालचा पांढरा उजेड मिळाला तरी चेहरा वाचतो.

सॅक्सोफोनचं तोंड म्हणजे फुगीर आरसा, पूर्ण खोली त्यात दिसते. ऑपरेटरने काळे कपडे घालावेत, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा झाकावा. उघड्या धातूवरच्या परावर्तनावर पोलरायझर जवळजवळ काही करत नाही. छोटा टोकदार दिवा असेल तर पितळेवर जळका ठिपका येतो. मोठा, मऊ उजेड असेल तर तिथे पांढरा पट्टा येतो आणि त्याच्या कडेला काळं कापड धरलं की वाद्याची गोलाई दिसते.

ध्वनी मिक्सरवरून वेगळा घ्या आणि टाइमकोड (चित्र आणि ध्वनी जुळवणारी वेळेची खूण) जोडा. नसेल तर सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे टाळी. न जोडलेली दोन यंत्रं तासाभरात एखाद-दोन फ्रेम्सनी सरकू शकतात आणि ड्रमच्या काठीवर ते चटकन दिसतं.

---

काळी चौकट

जॅझ चित्रित करण्याचा विषय निघालाच आहे तर जॉन मिली यांचा १९४४ चा 'जॅमिन द ब्लूज' हा साधारण दहा मिनिटांचा लघुपट इथे हवाच. छायालेखक रॉबर्ट बर्क्स. पहिलं चित्र म्हणजे काळ्यावर एकात एक वर्तुळं. मग ते हलतं, वर येतं, आणि कळतं की ती सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगची हॅट होती, वरून पाहिलेली. मागे स्टेज नाही, प्रेक्षक नाहीत. सपाट काळी किंवा सपाट पांढरी पार्श्वभूमी आणि माणसाची कड. @वॉकिंग बेस यांनी वर म्हटलेलं, दोन स्वरांत कॉर्ड उभी करणं, ते इथे दिसतं.

दुसरं उदाहरण लुई माल यांच्या १९५८ च्या 'एलिव्हेटर टू द गॅलोज'चं. जान मोरो रात्री शाँझेलिझेवर चालते त्या दृश्यांसाठी छायालेखक आंरी दकाय यांनी चेहऱ्यावर दिवा लावलाच नाही. वेगवान ट्राय-एक्स फिल्म, बाबागाडीत कॅमेरा, आणि दुकानांच्या काचांमधून येईल तेवढा उजेड. ती एका दुकानापुढून दुसऱ्याकडे जाते तसा चेहरा उजळतो, विझतो. मधल्या अंधाराला कुणी भरलेलं नाही. आणि संगीत? ४ डिसेंबर १९५७ च्या रात्री पॅरिसच्या स्टुडिओत दृश्यांचे तुकडे पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखवले गेले आणि माइल्स, बार्नी विलेन, रने उर्त्रेजे, पिएर मिशलो आणि केनी क्लार्क यांनी ते बघत थोड्याशा कॉर्डच्या आधारावर वाजवलं. कॅमेऱ्याने जी जागा रिकामी सोडली तीच ट्रम्पेटला मिळाली असं मला ते पाहताना प्रत्येक वेळी वाटतं. चेहरा दिव्यांनी नीट भरला असता तर त्या संगीताला तिथे काम उरलं नसतं.

---

गडद छापा

काळ्या कातडीवरच्या उजेडाबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि जॅझचा विषय त्याशिवाय पुरा होत नाही. छायाचित्रकार रॉय डिकारावा यांनी सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनसारख्या वादकांची जी चित्रं घेतली ती बघा. छापे अतिशय गडद, शुद्ध पांढरं जवळजवळ नाहीच, आणि तरी अंधारात गाल, कपाळ, बोटं सगळं सापडतं.

व्यवहारात हे असं करता येतं. चेहरा दिसावा म्हणून एक्सपोजर वाढवायचं नाही. तसं केलं की मागची भिंत आणि शर्ट आधी जळतात. उलट चेहरा मुख्य मापापेक्षा एक, कधी दीड स्टॉप खाली ठेवायचा आणि बाजूला मोठा पृष्ठभाग उभा करायचा, २ मीटर बाय २ मीटरचं पांढरं कापड चालेल. गडद कातडी उजेड पसरवते कमी आणि परतवते छान, त्यामुळे त्या कापडाचं प्रतिबिंब गालाच्या हाडावर, कपाळावर मऊ पट्ट्यासारखं उतरतं आणि चेहऱ्याला घडण येते. कापड कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवू नका, तिथून ते गालाच्या कडेवर तसं उतरत नाही. बाजूला, थोडं मागे. मेकअपमध्ये पावडर कमी, कारण पावडरीने तेच परावर्तन मरतं.

याच विचाराचा पुढचा टप्पा छायालेखक आणि चित्रपटकार आर्थर जाफा यांनी मांडला. काळ्या गायकीत स्वर जसा ठरलेल्या जागेवर सरळ उभा राहत नाही, वाकतो, लांबतो, तसं चित्राची गतीही अनियमित फ्रेमरेटने वाकवावी. मला ही या नात्याबद्दलची सगळ्यात खोल कल्पना वाटते, कारण इथे तुलना सोडून थेट साधनालाच हात घातला आहे.

---

नवी पाती

सगळ्यांचे मनापासून आभार. संचाला रचनांची यादी मागितली आहे. @गडद छापा, अनियमित फ्रेमरेट एखाद्या रचनेत करून बघायचा असेल तर नेमकं काय सांभाळायचं?

---

गडद छापा

@नवी पाती, आधी हे की चालू ध्वनीबरोबर ओठ आणि बोटं जुळणार नाहीत. म्हणून सोलोवाल्याच्या बोटांवर करू नका. ऐकणाऱ्यांचे चेहरे, बेसवाल्याचा खांदा, धूर, सिंबलची थरथर यांवर करा.

बदल लहान ठेवा. २० ते २८ फ्रेम्सच्या दरम्यान फिरलं तरी अंगाची चाल बदललेली जाणवते, आणि नेहमीच्या अर्थाने संथ किंवा जलद वाटत नाही. शटरचा कोन तोच ठेवला तर २० वरून २८ ला जाताना सुमारे अर्धा स्टॉप उजेड कमी होतो. आयरिसने भरून काढायचा की चित्र थोडं मंद होऊ द्यायचं हे आधी ठरवा. मी मंद होऊ देईन. मात्र शटरची वेळ बदलल्यामुळे @टी चार यांनी सांगितलेलं ५० किंवा ६० हर्ट्झचं गणित मोडतं आणि एलईडीचे पट्टे परत येऊ शकतात. त्यामुळे साध्या टंगस्टन बल्बाचा उजेड पडेल अशी एखादी जागा शोधून ठेवा, टेबलावरचा दिवाही पुरेल, आणि हे प्रयोग तिथेच करा. कॅमेऱ्यात चालू शॉटमध्ये फ्रेमरेट बदलण्याची सोय नसेल तर पूर्ण शॉट ४८ फ्रेम्सवर घ्या. एक स्टॉप जास्त उजेड लागेल. मग संकलनात कुठली फ्रेम ठेवायची, कुठली गाळायची, कुठली दोनदा दाखवायची हे हाताने निवडा. सॉफ्टवेअरला मधल्या फ्रेम्स बनवू देऊ नका, त्याने कडा वितळल्यासारख्या होतात.